सुईदोऱ्यावाचून फाटक्या विजारीची दुरुस्ती

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर, इरई धरणाच्या जलाशयाजवळ, मोहर्ली हे गाव वसले आहे. ताडोबाच्या अरण्यात शिरण्याचे हे एक प्रमुख द्वार होय. १९५५ साली ताडोबास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८६ साली त्यास लागूनच अंधारीचे अभयारण्य निर्माण झाले, आणि आज देशोदेशींचे लोक येथे वाघ पाहण्याकरिता येतात. परंतु मोहर्लीस राहणाऱ्या माणसाच्या वस्त्रांना वाघापासून फारसे भय नाही. त्यांचा खरा वैरी बोरीचा काटा हा आहे. बोरीच्या फांदीवर काट्यांची जोडी असते. त्यांपैकी एक काटा सरळ व दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला असतो. सरळ काटा टोचतो आणि माणूस दचकून पाय मागे ओढतो. तेवढ्यात वाकड्या काट्याने कापड पक्के धरलेले असते. पुढे काय होते ते सांगावयास नको!

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन मी या गावी गेलो होतो. आमच्यापैकी एका विद्यार्थ्याचे घर मोहर्लीसच असल्यामुळे रात्रीचा मुक्काम त्याच्या पडवीत होता. सायंकाळी शेताच्या बोरकाटीच्या कुंपणावरून उडी मारताना या यजमानाचीच विजार गुडघ्याच्या वर फाटली. मुले हसली, परंतु तो हसला नाही. विजार त्याची नव्हती. थोरल्या भावाची ती एकुलती एक चांगली विजार होती, आणि पाहुण्यांसमोर नीटनेटके दिसावे म्हणून त्याने ती न विचारता घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भावाला नोकरीच्या मुलाखतीकरिता चंद्रपुरास जावयाचे होते.

“सर, उद्या दादाले चंद्रपूरले जा लागते. आता दादाले काय सांगू?” एवढेच तो म्हणाला.

घरात सुई शोधली. शिवणाची सुई आदल्याच दिवशी मोडली होती. उरली होती ती धान्याची पोती शिवण्याची दाभण. एका उत्साही विद्यार्थ्याने तीच घेऊन दोन टाके घातलेही. पण दाभणीने कापडास हरभऱ्याएवढी भोके पडली आणि दोरा ओढताच सभोवती चुण्या आल्या. ते टाके मी उसवून टाकविले. शेजारी विचारावे तर मुलगा हात जोडू लागला. कारण शेजारी कळले म्हणजे दादाला कळले. तेव्हा सुईवाचून काय करता येईल, हा प्रश्न त्या रात्री आमच्यापुढे एखाद्या परीक्षेतील प्रश्नाप्रमाणे उभा राहिला. त्याचे उत्तर आम्ही कसे शोधले हे सांगण्यापूर्वी कापड फाटते म्हणजे नेमके काय होते, हे वाचकांनी समजून घ्यावे. नाहीतर पुढील कृती म्हणजे केवळ हातचलाखी वाटेल.

विजारीचे कापड भिंगाखाली धरून पाहा. त्यात उभे धागे असतात आणि त्यांच्या खालीवर जाणारे आडवे धागे असतात. त्यांना कोणी चिकटविलेले नसते. प्रत्येक धागा आपल्या शेजाऱ्याला केवळ घासून, दाबून धरतो; आणि एकेक धागा तरी काय, तर पीळ दिलेल्या आखूड तंतूंचा समूह. म्हणजे सगळे वस्त्र परस्परांच्या आधारावर उभे आहे. काटा जेव्हा एका धाग्यात अडकतो आणि आपण जोराने ओढतो, तेव्हा तो धागा तुटतो व त्याचा भार शेजारच्या धाग्यावर पडतो. तो तुटला की पुढच्यावर. अखंड कापड हातांनी ओढून फाटत नाही, परंतु काठाला कात्रीने लहानशी चीर दिली की तेच कापड दुकानदार टर्रकन फाडून देतो, याचे कारण हेच. ताण सर्व धाग्यांवर सारखा न पसरता चिरेच्या टोकाशी असलेल्या एकट्या धाग्यावर येऊन पडतो. म्हणून फाटलेल्या विजारीत सर्वांत धोक्याची जागा म्हणजे भोक नव्हे, तर फाट जेथे संपते ते टोक. दुरुस्ती करणारा बहुधा भोकाकडे पाहतो आणि टोक विसरतो.

बोरीच्या काट्याने पडलेली फाट बहुतेक वेळा काटकोनी असते. काही उभे धागे तुटतात, काही आडवे तुटतात आणि मध्ये एक त्रिकोणी जीभ लोंबू लागते. ही फाट दिसावयास भयंकर, परंतु दुरुस्तीस सोपी. कारण कापड हरवलेले नसते, केवळ जागचे सुटलेले असते. याउलट बसून बसून किंवा गुडघे टेकून विरलेली जागा फारशी वाईट दिसत नाही. पण तेथे धागेच झिजून नाहीसे झालेले असतात आणि जोडावयास काठच उरत नाही. तिसरा प्रकार शिवण उसवण्याचा. त्यात कापडाचे काहीच बिघडलेले नसते, केवळ दोरा तुटलेला असतो; तेथे गोंद, लाख, रबर यांचा विचारही करू नये, सुई मिळेपर्यंत थांबावे.

आता जोडण्याचा विचार. शिवणातील टाका धाग्याला धागा बांधतो. टाका नसेल तर फाटीच्या मागून दुसरे कापड, म्हणजे ठिगळ, लावून त्याच्या पृष्ठभागाला विजारीचा पृष्ठभाग धरून ठेवावा लागतो. येथे एक गोष्ट अशी आहे की ती ज्याला समजली त्याला या विद्येतील बारा आणे समजले. ती प्रयोगाने पाहावी. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, त्यांची टोके दोन बोटे एकमेकांवर ठेवून खळीने चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. आता दोन्ही बाहेरची टोके धरून सरळ लांबीच्या दिशेने ओढा. कागद फाटेल, पण जोड सुटणार नाही. तशीच दुसरी जोडी करा आणि खळ अर्धवट ओली असतानाच जोडाच्या कडेला नख घालून एक पट्टी वर उचला. जोड सहज सोलून निघेल. सरळ ओढताना चिकटलेली सारी जागा एकदम भार सोसते. सोलताना मात्र केवळ कडेची केसाएवढी रेघ भार सोसते, ती सुटली की पुढची, आणि मग पुढची. कापड फाटण्याची जी रीत, तीच ठिगळ सुटण्याची रीत!

यावरून तीन नियम आपोआप निघतात. ठिगळ फाटीच्या टोकांच्या पुढे सर्व बाजूंनी निदान दोन बोटे जावे. त्याचे कोपरे गोल कापावेत. कारण चौकोनी कोपरा म्हणजे सोलणाऱ्या नखाला दिलेले आमंत्रण होय. आणि ठिगळ आतून लावावे, म्हणजे चालताना, बसताना, धुताना त्याच्या कडेला बाहेरून काही अडकणार नाही. सायकलचे पंक्चर काढणाऱ्या कारागिराचे काम पाहा. त्याचे रबरी ठिगळ गोल असते आणि कडेला पातळ होत गेलेले असते. त्याने पदार्थविज्ञान वाचले असेल वा नसेल. ठिगळाने त्याला ते शिकविले आहे.

मोहर्लीस त्या रात्री आमच्यापाशी वेळ होता आणि साधने शोधावयास अरण्याच्या काठावरचे एक घर होते. मुलांनी एकामागून एक सूचना केल्या. त्यांतील एकही सर्वस्वी वेडी नव्हती, म्हणून त्या सर्व येथे नोंदवितो.

पहिली सूचना पत्रावळीवरून सुचलेली होती. पळसाची पाने एकमेकांवर ठेवून बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ होते. तीत दोरा नसतो, तरी वरण-भाताचा भार ती सोसते. तशी विजार टाचता येईल काय? टाचता येते, आणि टाचणीचा सुधारलेला अवतार जी सेफ्टी पिन, तिचा शोध १८४९ साली अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या गृहस्थांनी लावला, तो अशा प्रसंगी फार उपयोगी आहे. पण पत्रावळ एका जेवणापुरती असते आणि जेवणारा ती पायांत घालून चालत नाही. पिनेच्या दोन टोकांवर सगळा ताण एकवटतो. म्हणजे आपण एका मोठ्या फाटीच्या ऐवजी दोन लहान फाटी सुरू करतो. वाटेत विजार फाटली तर घरी पोहोचेपर्यंत लाज राखावी, एवढेच पिनेचे काम. लावताना ती आतून आणि धाग्यांच्या दिशेला तिरपी लावावी.

दुसरी सूचना खळीची. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून शिजविले की सुमारे ६० अंशांच्या पुढे त्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. बुक बांधणारे कारागीर पुठ्ठे याच खळीने चिकटवितात व किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तो अंगावरच्या वस्त्रास कदापि लावू नये; आणि न लावावा तर झुरळे व उंदीर विजारीस खाद्यपदार्थ समजतात. पण खळीचा खरा दोष निराळाच. जे पाण्याने चिकट झाले ते पाण्याने सुटते. खळीची दुरुस्ती पहिल्या धुण्यापर्यंतची असते. मात्र घाम न येणाऱ्या थंडीच्या दिवशी, एका समारंभापुरती, ती नाकारण्याचे कारण नाही.

डिंकाचेही असेच. मोहर्लीच्या रानात धावडा आहे आणि धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत घालतात हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. तो पाण्यात विरघळतो, म्हणून धुतला की जातो. शिवाय वाळला म्हणजे काचेसारखा कडक होतो आणि गुडघा वाकताच त्याला तडे जातात. चिकटविणारा पदार्थ केवळ बळकट असून भागत नाही. तो कापडाइतकाच लवचिक पाहिजे. नाहीतर कापड वाकते, तो वाकत नाही, आणि दोघांची फारकत होते.

लाखेची सूचना मला स्वतःला आवडली, कारण लाख ही या प्रदेशाची वस्तू आहे. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात आणि आपल्या अंगाभोवती जो राळेसारखा पदार्थ जमवितात तीच लाख. ती पाण्यात विरघळत नाही, उष्णतेने मऊ होते, थंड झाली की घट्ट धरते. म्हणून सोनार दागिन्यावर नक्षी काढताना तो लाखेत रोवतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या करीत. आणि तबकडी हातातून पडली म्हणजे काय होई ते आजोबांना विचारा. गुडघ्यावर बसविलेली लाख तशीच तडकते. पुन्हा वैशाखात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर चढतो आणि उन्हात ठेवलेली काळ्या रंगाची वस्तू त्याहूनही तापते. तेव्हा लाखेचा भरवसा धरता येत नाही. तथापि “उष्णतेने मऊ होणारा आणि थंडीने घट्ट होणारा, पाण्यास दाद न देणारा पदार्थ” ही जी कल्पना लाखेने आम्हांस दिली, तीच पुढे उपयोगी पडली.

कोणी बिब्याचे नाव काढले. ते ऐकताच घरची आजी आतून ओरडली, आणि तिचे ओरडणे योग्यच होते. बिब्याचे तेल कापडावर काळा, न जाणारा डाग पाडते. म्हणूनच परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. तेच तेल कातडीस लागले तर फोड येतात. विजारीस बिबा लावणे म्हणजे गुडघ्यास बिबा घालणे होय.

रबराचा इतिहास मनोरंजक आहे. स्कॉटलंडातील ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्था नामक तेलात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये पसरले आणि १८२३ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. पावसाळी कोट त्यातून जन्मास आले. दोन कापडे सुईवाचून कायमची जोडण्याचे हे पहिले मोठे यश. पण ते कोट उन्हाळ्यात चिकट होत व थंडीत लाकडासारखे ताठ होत. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांस गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर स्थिर करण्याची रीत सापडली, तेव्हा कोठे तो दोष गेला. सायकलचे सोल्यूशन याच वंशातले आहे. ते जाड कॅनव्हासवर, दप्तरावर, तंबूवर उत्तम चालते. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा, मग एकमेकांवर दाबावे. ओला असतानाच दाबण्याची घाई करणारा फसतो. परंतु पातळ विजारीवर त्याचा डाग बाहेर फुटतो आणि पुढे तेथे कडक इस्त्री फिरविली तर ते मऊ होऊन सरकते. त्या रात्री सायकल होती, सोल्यूशनची नळी मात्र वाळून दगड झालेली होती.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. क्षणात चिकटणारा जो पाण्यासारखा पातळ गोंद लहानशा नळीत मिळतो, आणि जो १९५८ पासून बाजारात आहे, तो सुती कापडावर टाकू नये. अंगात घातलेल्या कापडावर तर मुळीच नाही. सुताच्या असंख्य तंतूंवर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की त्या क्रियेत निघणाऱ्या उष्णतेने कातडी भाजते. शिवाय तो लाखेहूनही कडक होतो. मुले नेमका तोच प्रथम हाती घेतात.

आता आमच्या रात्रीचा उत्तरार्ध. लाखेच्या गुणांचा परंतु लवचिक असा पदार्थ कोणता, असा प्रश्न मी मुलांना घातला. चुलीशेजारी धुऊन वाळत घातलेली दुधाची पिशवी होती. आमच्या यजमानाची दृष्टी तिच्यावर गेली. ही पिशवी ज्या प्लास्टिकची असते त्यास पॉलिथीन म्हणतात. १९३३ साली इंग्लंडात एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते अकस्मात हाती आले. हे पाण्यात विरघळत नाही, कडक होत नाही आणि सुमारे ११० ते १२० अंशांना वितळते. शिंप्याच्या दुकानात उष्णतेने चिकटणारी जाळीदार पट्टी मिळते, ती कॉलरीत किंवा विजारीच्या दुमडीत घालतात. तिचे तत्त्व हेच आहे आणि ज्यास ती मिळेल त्याने तीच वापरावी. ज्यास ती मिळत नाही त्याचा प्रश्न आम्ही सोडवीत होतो.

ठिगळाकरिता कापड कोठून आणावे? विजारीच्या खालच्या दुमडीत आत चार बोटे कापड राखलेले होते. त्यातून तुकडा घेतला. रंगही तोच, जाडीही तीच. त्याचे उभे धागे विजारीच्या उभ्या धाग्यांशी जुळतील असा तो धरला. नाहीतर धुतल्यावर दोघे निरनिराळ्या दिशांनी आक्रसतात व तेथे फुगा येतो. विजार उलटी करून घोंगडीवर पसरली, खाली वहीचा एक कोरा कागद ठेवला. फाटीचे सुटलेले धागे ओढून काढण्याचा मोह आवरला; ते धागे कापडाचेच आहेत, एक ओढला की दहा येतात. लांब निघालेले तेवढे कात्रीने छाटले. त्रिकोणी जीभ बोटांनी जागेवर बसवून काठाला काठ मिळविला. त्यावर पिशवीच्या न छापलेल्या भागाचा तुकडा, ठिगळाहून दोन धागे लहान कापून, ठेवला. तो मोठा राहिला तर वितळून बाहेर येतो आणि इस्त्रीस चिकटतो. त्यावर ठिगळ, आणि सर्वांवर पुन्हा कोरा कागद. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, कारण त्याची शाई कापडावर उतरते.

इस्त्री नव्हती. पितळेच्या तांब्यात उकळते पाणी भरून त्याच्या बुडाने दाबावे, असे मी सांगितले आणि आम्ही पाच मिनिटे मोठ्या निष्ठेने दाबीत बसलो. कागद काढून पाहतो तो ठिगळ जसेच्या तसे सुटे! मी जे वर्गात दरवर्षी शिकवितो तेच विसरलो होतो. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. ते आणखी उकळविले तर वाफ अधिक होते, उष्णतामान वाढत नाही. आणि आम्हांस तर ११० अंशांहून अधिक पाहिजे होते. एका विद्यार्थिनीने हे हळूच, पण सर्वांस ऐकू जाईल असे, माझ्या लक्षात आणून दिले. मग पाणी ओतून तांब्या पुसला आणि त्यात चुलीतले निखारे भरले. जुन्या काळी घरोघर कपडे असेच कडक करीत.

तांब्या फार तापला तर काय, हा प्रश्न साहजिक आहे. विजार टेरिकॉटची होती. त्यातील पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून पॉलिथीन वितळावे पण कापड वितळू नये, एवढे अंतर मध्ये मोकळे आहे. तरीपण सूत त्याआधीच करपते आणि पॉलिएस्टरवर चकाकी येते. उष्णतामापक नसताना आम्ही कोऱ्या कागदावरच पारख केली. कागदावर तांब्या दहा अंक मोजेपर्यंत ठेवला; कागद पिवळसर झाला तेव्हा दोन निखारे काढले. तांब्या फडक्याने मानेशी धरून सरळ खाली दाबावा, वीस अंक मोजावे, उचलावा, शेजारी ठेवून पुन्हा दाबावा. घासू नये, घासले की जुळविलेले काठ सरकतात. हे काम मी स्वतः केले आणि मुलांस हातभर दूर बसविले. निखाऱ्यांचे काम मोठ्या माणसाचेच आहे, आणि प्लास्टिक तापताना दार उघडे ठेवावे. धूर निघू लागला तर आपण फार तापविले असे समजावे.

दाबून झाल्यावर सर्वांत कठीण गोष्ट करावयाची असते, ती म्हणजे स्वस्थ बसण्याची. वितळलेला पदार्थ तंतूंच्या मध्ये शिरलेला असतो. तो थंड होऊन घट्ट झाला म्हणजेच तंतू धरले जातात. ऊन असताना ठिगळ उचकटून पाहणारा स्वतःच ते सोलून काढतो. आम्ही त्यावर जात्याची तळी ठेवली आणि जेवावयास बसलो.

जेवणानंतर विजार सुलटी केली. दिव्याजवळ धरली तर काटकोनाची बारीक रेघ दिसत होती. हातभर अंतरावरून दिसत नव्हती. मुलाने ती घालून उठाबशा काढल्या. ठिगळ टिकले, मात्र ती जागा जरा ताठ झाली होती, पुठ्ठ्याइतकी नव्हे, पण खळ घातलेल्या कॉलरीइतकी. फाट गुडघ्याच्या चार बोटे वर होती हे आमचे भाग्य. ती बरोबर गुडघ्यावर असती तर प्रत्येक पावलाला ठिगळ वाकले असते. आणि बैठकीत असती तर मी ही कृती सुचविलीच नसती. मांडी घालून बसताना तेथील कापडावर सर्व दिशांनी ताण येतो आणि बहुधा ते आधीच विरलेले असते. तेथे शिंपी पाहिजे. धोतर किंवा लुगडे मध्ये विरले म्हणजे आपल्या आज्या तो भाग कापून टाकून दोन धड तुकड्यांचा दंड घालीत. त्यांना ठाऊक होते की विरलेल्या कापडास काहीही धरवत नाही. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार?

राहता राहिला दादा. रात्री उशिरा तो कामावरून आला. मुलाने विजार पुढे करून सर्व खरे सांगितले. मी मध्ये बोलणार होतो, पण वेळ आली नाही. दादाने विजार दिव्याखाली धरली, उलटी केली, ठिगळावरून अंगठा फिरविला. “हे धुतल्यावर सुटन का?” त्याने विचारले. थंड पाण्यात, उलटी करून, दगडावर न आपटता धुतली तर पुष्कळ दिवस राहील. इस्त्री करताना त्या जागेवर कागद ठेवावा, असे मी सांगितले. त्याने मान हलविली, विजार घडी करून उशाखाली ठेवली, आणि मग धाकट्याच्या गुडघ्याला काटा किती लागला आहे ते पाहिले. त्याकडे तोवर आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो चंद्रपुरास गेला. ती नोकरी त्यास मिळाली नाही. पुढे उन्हाळ्यात दुसरी मिळाली. मुलाखतीत विजारीकडे कोणी पाहिले नाही, असे त्याने निरोपात कळविले. चार महिन्यांनी मी पुन्हा मोहर्लीस गेलो तेव्हा ती विजार दोरीवर वाळत होती. मी आतून पाहिले. तीन कोपरे घट्ट होते. चौथा नखभर सुटून वर वळला होता. त्या रात्री घाईत तेवढा कोपरा गोल कापावयाचा राहून गेला होता.